आधी रंग, मग पडदा

मराठीत डोळ्याच्या रेटिनालाही पडदा म्हणतात आणि पेशीच्या मेम्ब्रेनलाही पडदाच. पाठ्यपुस्तकं दोन्हीकडे ‘पटल’ वापरतात, दृष्टिपटल आणि पेशीपटल, पण बोलताना माणसं पडद्यावरच येतात. हैदराबादच्या आमच्या काचीगुड्याच्या घरात या शब्दाला आणखी एक शेपूट होतं. तेलुगूत पापुद्र्याला, पातळ थराला ‘पोर’ म्हणतात. शेजारच्या बाई दुधावरच्या सायीबद्दल काही बोलल्या की आजी म्हणायची, यांच्याकडे दुधावर पोर येतं, आमच्याकडे पोरांना दूध पुरत नाही.

माझी नोकरी एका पडद्याशी होती आणि घरातलं दुखणं दुसऱ्या पडद्याशी. सव्वीस वर्षं मी एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम केलं. संशोधक नमुने आणून देत. ते रेझिनमध्ये बसवायचे, काचेच्या सुरीने त्यांचे छेद घ्यायचे आणि छायाचित्रं काढून द्यायची, हे माझं काम. त्याच काळात माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, डोळ्यांचा पडदा कडेकडेने विझत गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

हैदराबादमध्ये प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. हैदराबाद विद्यापीठातले चिंतलपाटी वेंकट रमण आणि जेएनटीयूमधल्या चिंतलपाटी शशिकला यांच्या प्रयोगशाळांनी देशभरातली तळी, खाड्या, मिठागरं धुंडाळून अशा जीवाणूंच्या अनेक नव्या जाती जगासमोर आणल्या. त्यामुळे या शहरात सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाकडे कधी ना कधी ‘जांभळे जीवाणू’ येतातच. माझ्याकडे आले ते ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडिस. अलीकडे त्याचं वंशनाव बदललं, आता सेरेइबॅक्टर म्हणायचं. मी जुन्याच नावाने हाक मारते.

जांभळा हे फक्त नाव. प्रत्यक्षात बाटलीतला रंग तपकिरी-पिवळा असतो, थोडी हवा लागली की लालसर होतो. आणि भरपूर हवा दिली तर रंगच नाही. मुलांनी मला एकाच जीवाणूचे दोन नमुने दिले होते. एक अंधारात, हवा खेळती ठेवून, सतत हलवत वाढवलेला. तो फिक्या ताकासारखा दिसायचा. दुसरा गळ्यापर्यंत भरलेल्या, स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत, हवेला जागा न ठेवता, दिव्यासमोर वाढवलेला. तो काळ्या गुळाच्या पाण्यासारखा.

सूक्ष्मदर्शकाखाली फिक्या पेशी जवळजवळ रिकाम्या वाटतात. बाहेरचा पडदा, आत दाणेदार गर, बस. रंगीत पेशी मात्र आतून गच्च भरलेल्या. गोल गोल फुगे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटलेले. प्रत्येक फुगा साधारण 50 ते 60 नॅनोमीटरचा. माझा छेदही तेवढ्याच जाडीचा, 60-70 नॅनोमीटरचा, त्यामुळे कधीकधी अख्खा फुगाच छेदात अडकलेला असायचा. काही फुगे बाहेरच्या पडद्याला देठाने जोडलेले दिसत. म्हणजे पडदाच आत वळून, खोल होत, फुगत गेलेला. जीवाणूंच्या पेशीत आतल्या खोल्या नसतात असं शाळेत शिकवलेलं. इथे तर चाळच उभी.

या फुग्यांना क्रोमॅटोफोर म्हणतात, रंग वाहणारे. 1952मध्ये बर्कलीला शाखमन, पार्डी आणि स्टॅनिअर यांनी ऱ्होडोस्पिरिलम रूब्रम नावाच्या भावंडाच्या पेशी फोडून, अतिवेगाने फिरवून हे कण वेगळे काढले, तेव्हा लक्षात आलं की पेशीचा सगळा रंग त्यांच्यातच आहे. दोन वर्षांनी आल्बर्ट फ्रेंकेल यांनी दाखवलं की पेशीबाहेर काढलेल्या रंगीत कणांवर प्रकाश टाकला तरी ते एटीपी तयार करतात. चूल पेशीतून बाहेर आणली तरी पेटत होती.

मग प्रश्न येतो तो क्रमाचा. माणूस घर बांधतो आणि मग त्यात सामान लावतो. पेशीही आधी आतला पडदा पसरते आणि मग त्यात रंगद्रव्य बसवते, असं सहज वाटतं. मलाही छायाचित्रं बघताना तसंच दिसायचं, कारण छायाचित्रात काळ नसतो. घर आणि सामान दोन्ही एकदमच दिसतं.

ज्यांनी काळ मोजला त्यांच्यातलं माझं आवडतं नाव जर्मेन कोएन-बाझीर. पॅरिसमध्ये जाक मोनो यांच्याबरोबर काम करून त्या बर्कलीला गेल्या. 1957मध्ये सिस्ट्रॉम आणि स्टॅनिअर यांच्याबरोबर त्यांनी या जीवाणूंना प्रकाश आणि हवा कमीजास्त करून रंग कसा बदलतो ते तासातासाला मोजलं. रंगीत पेशींना हवा दिली की रंगद्रव्य तयार होणं तिथल्या तिथे थांबतं. पण असलेलं रंगद्रव्य नष्ट होत नाही. पेशी वाढत राहतात, विभागत राहतात, आणि तोच रंग लेकींमध्ये, नातींमध्ये वाटला जातो. दहा विभाजनांनंतर प्रत्येकीच्या वाट्याला हजारावा हिस्सा. बाटली फिकी होते ती रंग विटून नाही, वाटण्या होऊन. महाराष्ट्राबाहेर तिसरी पिढी काढलेल्या मराठी घरातल्या बाईला इथे थोडं थांबावंसं वाटतं. पण जीवाणूंवर आपली गाऱ्हाणी लादू नयेत, म्हणून पुढे जाते.

पुढे 1963मध्ये कोएन-बाझीर आणि कुनिसावा यांनी रूब्रमच्या पेशींचे छेद घेतले. मंद प्रकाशातल्या, रंगाने ठासलेल्या पेशीत फुगे पुष्कळ; प्रखर प्रकाशातल्या फिक्या पेशीत मोजके. रंग जितका, पडदा तितका. एकाच्या मागे दुसरा चालतो हे स्पष्ट होतं, पण पुढे कोण ते अजून नव्हतं.

उत्तर बिघडलेल्या जातींनी दिलं. ज्यांना बॅक्टेरिओक्लोरोफिल बनवताच येत नाही अशा जातींमध्ये आतले फुगे जवळजवळ होतच नाहीत. कारण असं की, रंगद्रव्याला धरून ठेवणारी छोटी प्रथिनं रंगाशिवाय पडद्यात टिकत नाहीत. पेशी ती बनवते, पण हातात रंग नसला की ती मोडून टाकली जातात. रंग मिळाला तर प्रथिन उभं राहतं, नऊ जोड्यांचं एक कडं बनतं, त्यात 27 बॅक्टेरिओक्लोरोफिलचे रेणू. अशी शेकडो कडी पडद्यात दाटीवाटीने बसली की पडदा सपाट राहू शकत नाही. 2010मध्ये शेफिल्डच्या नील हंटर यांच्या गटाने सहकाऱ्यांबरोबर पेशीची त्रिमितीय चित्रं काढून दाखवलं की सुरुवात होते ती पडदा मुळातच थोडा वाकलेला असतो तिथे. आधी खळगा, मग पिशवी, मग देठाचा फुगा, आणि काही फुगे पूर्ण सुटलेले.

याहून सुंदर पुरावा मला नळ्यांचा वाटतो. प्रकाश गोळा करणाऱ्या कड्यांचे या जीवाणूत दोन प्रकार असतात. लहान कडं सुटं फिरतं. मोठं कडं जिथे प्रकाशाचं विजेत रूपांतर होतं त्या केंद्राला वेढून बसतं, आणि अशी दोन केंद्रं जोडीने, मधे किंचित मुडपलेली असतात. लहान कडी काढून टाकलेल्या जातीच्या पेशीत गोल फुगे दिसत नाहीत; लांबच लांब नळ्या दिसतात. जोड्यांच्या मुडपण्याने पडदा एकाच दिशेने वळत जातो, मोदकाऐवजी करंजीही नाही, सरळ पोळीची गुंडाळी. अशा पेशींचा छेद मी स्वतः घेतला आहे. नळी आडवी कापली गेली तर फुग्यासारखीच दिसते, म्हणून दहा-बारा छेद बघावे लागतात. एखाद्यात ती उभी सापडते आणि मग पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा पळताना दिसते.

इथे थोडा हात आखडता घ्यायला हवा. रंगालाच सगळं श्रेय देणारी भाषणं मी ऐकली आहेत आणि ती मला पटत नाहीत. रूब्रमकडे लहान कडी नाहीतच, तरी त्याचे फुगे गोल. दुसऱ्या एका भावंडात फुगे नसतात, सपाट थरांची चवड असते. आणि आपल्या पोटातल्या ई. कोलायला रंगाचा गंधही नसताना, त्याच्याकडून पडद्यातलं एक प्रथिन जरुरीपेक्षा खूप जास्त बनवून घेतलं तर त्याच्याही आत नळ्या तयार होतात. 1984 सालचं काम आहे ते. म्हणजे वाकवते ती प्रथिनांची गर्दी. रंगाचं काम गर्दीला जमवून ठेवण्याचं. हिरव्या गंधकजीवाणूंमध्ये तर रंगद्रव्याचे लाखभर रेणू प्रथिनाचा आधार न घेता एकमेकांनाच धरतात, आणि त्यांच्याभोवती मेदाचा एकेरी पापुद्रा असतो. तिथे पडदा रंगाची नुसती खोळ होऊन राहतो. उलट हेलिओबॅक्टेरिया रंग बाळगतात आणि आत काहीच बांधत नाहीत, बाहेरच्या पडद्यावरच भागवतात.

पेशी हवा आली की रंग का थांबवते, याचंही उत्तर एका बिघडलेल्या जातीकडून आलं. 1955मध्ये ग्रिफिथ्स, सिस्ट्रॉम, कोएन-बाझीर आणि स्टॅनिअर यांनी कॅरोटिनॉइड नसलेली निळसर-हिरवी जात अभ्यासली. नुसत्या प्रकाशात ती सुखाने वाढत होती. अंधारात हवेवरही तिला काही होत नव्हतं. प्रकाश आणि हवा एकदम दिली की मरत होती. प्रकाश पकडणारं रंगद्रव्य प्राणवायूला चेतवतं आणि तो पेशीलाच जाळतो; गाजराच्या रंगाच्या जातीतली ती पिवळी-तांबडी द्रव्यं ही आग विझवत असतात. प्रकाश पकडणं हे जोखमीचं काम आहे, आणि ते करणाऱ्या पडद्यांची झीज ठरलेली.

दादाच्या डोळ्यांबद्दल आता लिहिते. चौतिसाव्या वर्षी त्याने स्कूटर सोडली. संध्याकाळी चादरघाटच्या पुलावर समोरून येणारे दिवे दिसत, पण दिव्यांच्या मधला रस्ता दिसत नसे. वडीलही रात्री बाहेर पडत नसत. लग्नाला गेले तर दिवे लागायच्या आत परतत. आम्ही तो स्वभाव समजत होतो. डॉक्टर म्हणाले, पडदा खराब होतोय, कडेकडून. रेटिनायटिस पिग्मेंटोजा. आजाराच्या नावातही रंग आहे, कारण मरणाऱ्या पेशींच्या जागी डोळ्याच्या मागच्या बाजूला काळे ठिपके साठत जातात. नातेवाइकांनी गाजरं आणली, पपया आणल्या, शेवग्याचा पाला आणला. वहिनीने सगळं शिजवलं, दादाने सगळं खाल्लं.

अंधारात बघणाऱ्या आपल्या दंडपेशींमध्ये एका टोकाला पडद्याच्या चकत्यांची चवड असते, एका पेशीत हजाराच्या आसपास. पेशीचा पडदाच एका बाजूने बाहेर फुगून त्या बनतात. चकत्यांमध्ये प्रथिन असतं ते जवळजवळ एकच, ऱ्होडॉप्सिन, आणि त्याच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला रंगाचा रेणू. 1876मध्ये फ्रांत्स बोल यांनी बेडकाच्या ताज्या पडद्याचा लाल रंग उजेडात उडून जाताना पाहिला. पुढे क्यूने यांनी त्या रंगाला ‘दृष्टीचा जांभळा’ असं नाव दिलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत एंगेलमान प्रकाशाकडे धावणारे जांभळे जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते.

1958मध्ये डाउलिंग आणि वॉल्ड यांनी उंदरांच्या अन्नातून अ जीवनसत्त्व काढून घेतलं. आधी रंग कमी झाला. मग रंगाला धरणारं प्रथिन कमी झालं. आणि त्यानंतर चकत्यांची चवडच ढासळत गेली. 1997मध्ये ऱ्होडॉप्सिनचं जनुकच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या दंडपेशींना चकत्यांचं टोक आलंच नाही. खोली तयार आहे आणि सामान नाही, असं झालं नाही. सामान नाही म्हणून खोलीच नाही. हे मी एका दुपारी संस्थेच्या वाचनालयात वाचलं आणि माझ्याच काढलेल्या छायाचित्रांचा गठ्ठा आठवला. फिकी पेशी, रिकामी.

या दोघांचं नातं नाही, हेही लिहायला हवं. जीवाणूचा रंग आणि डोळ्यातला रंग वेगळ्या घराण्यातले. चकतीच्या कडेला वाकवायला पेरिफेरिन नावाचं निराळं प्रथिन लागतं, ऱ्होडॉप्सिन फक्त मधली जागा भरतं. तरी प्रकाश पकडण्यासाठी भरपूर पडदा लागतो, आणि तो पडदा उभा राहायला त्यात राहणाराच लागतो, हे दोन्हीकडे सारखं निघालं.

मी हे दादाला सांगितलं. त्याला मधलं अजून दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. त्या नळीत त्याने माझी दोन छायाचित्रं धरली.

“म्हणजे माझ्यात रंगच बनत नाही का गं?”

“बनतो. पण त्या प्रथिनाची घडी नीट बसत नाही. एक अक्षर बदललंय.”

“वडलांकडून.”

“हो.”

“मग गाजरं?”

“गाजरं वेगळ्या रातांधळेपणाला. जेवणात कमी पडलं तर. तुझ्याकडे रंग आहे, धरणारा हात वाकडा आहे.”

तो हसला. म्हणाला, “वहिनीला सांगू नकोस, हलवा चांगला होतो.”

त्याच्या जनुकाची तपासणी झाली तेव्हा नेमकं ऱ्होडॉप्सिनमध्येच ते बदललेलं अक्षर सापडलं. या जनुकातला दोष माणसांमध्ये पहिल्यांदा 1990मध्ये ओळखला गेला. अशा दोषाची दोनांपैकी एकच प्रत बिघडलेली असली तरी आजार होतो, आणि मुलाकडे ती जाण्याची शक्यता निम्मी. वडलांकडून मला ती आली नाही. पुतण्या एकोणीस वर्षांचा आहे.

तपासणीचा फॉर्म वहिनीच्या कपाटात चार महिने आहे. तिला वाटतं, करून टाकावी. दादा काही बोलत नाही. पुतण्या म्हणतो, “आत्या, कळून मी काय करणार? औषध आहे का?” एका वेगळ्या जनुकाच्या दोषावर 2017मध्ये अमेरिकेत उपचाराला मान्यता मिळाली आहे, हे त्याला माहीत आहे, आपलं जनुक ते नाही, हेही माहीत आहे. मी त्याला कर म्हणाले नाही आणि करू नको म्हणाले नाही. कुठला अभ्यास घ्यायचा, कुठली नोकरी, गाडी घ्यायची का, या सगळ्याला त्या कागदाचं उत्तर लागू पडणार आहे, आणि ते उत्तर एकदा वाचलं की न वाचल्यासारखं करता येत नाही.

निवृत्तीनंतर मी घरी एक बाटली लावली आहे. हुसेनसागरच्या काठचा चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, एक अंडं, वरून तळ्याचंच पाणी, घट्ट झाकण. काचेजवळ दिवा. यात काही आठवड्यांनी आपोआप रंगीत जीवाणूंचे थर दिसू लागतात. अडचण आली ती दिव्याची. या जीवाणूंना 800 ते 900 नॅनोमीटरचा, आपल्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश फार आवडतो. तो जुन्या तारेच्या बल्बात भरपूर असतो, एलईडीत जवळजवळ नसतो. आणि तारेचे बल्ब बाजारातून नाहीसे झालेत. प्रयोगशाळांतली मुलंही यासाठी दुकानं पालथी घालतात.

पुतण्या मला स्कूटरवरून ट्रूप बाजारला घेऊन गेला. चौथ्या दुकानात, माळ्यावरून, धूळ पुसून चार बल्ब मिळाले, साठ वॉटचे. दुकानदाराने विचारलं, कोंबडीची पिल्लं आहेत का घरी? निघालो तोवर अंधारलं होतं आणि गल्लीत वीज गेलेली. गटारावरची एक फरशी निघालेली होती. पुतण्या पुढे चालत होता, मी मागे, बल्बांची पिशवी छातीशी धरून, त्याच्या पावलांकडे बघत. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि टॉर्च लावला. मग मागे वळून तो माझ्या पायांपुढे धरला आणि म्हणाला, “आत्या, जपून, इथे फरशी नाहीये.”

त्याला ती टॉर्चच्या आधी दिसली होती की नंतर, ते मी विचारलं नाही. बाटलीत आता चिखलाच्या वर बोटभर जाडीचा लालसर पट्टा आलाय, त्याच्या खाली हिरवा. दादा रोज सकाळी खिडकीपाशी बसून ती डोळ्यांसमोर धरतो आणि पट्टा कुठपर्यंत चढला ते मला सांगतो.